तुकडा तपासायला पाठवला आहे

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची नावं नोंदली गेली. त्यातल्या कोणालाच त्या वेळी कर्करोग झाल्याचं माहीत नव्हतं. कोणत्या गटाला कोणती तपासणी मिळणार हे माणसांनी ठरवलं नाही, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. काही गावांत गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर घेतल्या गेल्या, काही गावांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, काही गावांत ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं गेलं. चौथ्या भागातल्या बायकांना माहिती सांगितली गेली, पण तपासणी केली गेली नाही.

काम बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधून चाललं. सोबत मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती. पैसा गेट्स फाउंडेशनचा. निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. लेखकांमध्ये डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत अशी नावं आहेत, आणि त्याच यादीत थोडं पुढे टाटा मेमोरियलच्या डॉ. रोशन चिनॉय आणि डॉ. शुभदा काणे आहेत. या दोघी पॅथॉलॉजिस्ट. या प्रकरणाचा विषय त्यांच्यासारख्यांचं काम हा आहे. पेशंटला ते काम कधी दिसत नाही. तिला फक्त एवढंच कळतं, की “तुकडा तपासायला पाठवलाय, आठ दिवसांनी या.”

एवढा अभ्यास या कोरडवाहू टापूत का झाला, याचं उत्तर बारा वर्षं मागे आहे. १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम, मिळून ३४६ गावं. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरांवर चालते. इथे बहुतेक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसत, मृत्यूच्या दाखल्यावर कारणही धड लिहिलेलं नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. कोणाच्या अंगावरून जातंय, कोणाच्या तोंडात न भरणारा व्रण आहे, कोणाच्या छातीत गाठ आहे, हे विचारत गेले आणि संशय आला तर माणसाला बार्शीला आणून तपासलं. त्यातून दिसलं ते असं, की या भागात बायकांचा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग स्तनाचा नव्हता, गर्भाशयमुखाचा होता. पुरुषांमध्ये शिश्नाचा कर्करोगही ठळकपणे दिसत होता. दोन्ही प्रजननाच्या अवयवांचे, दोन्हींबद्दल घरात बोलायची सोय नाही.

गर्भाशयमुखाला आपल्याकडे ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात, आणि कर्करोग कुठे सुरू होतो हे समजायला तो शब्द पुरेसा आहे. बाहेरच्या बाजूला सपाट, थरावर थर असलेल्या पेशी. आतल्या नळीत उंच, चिकट द्रव पाझरणाऱ्या पेशींचा एकच थर. वयात येताना, बाळंतपणात आतला लालसर थर थोडा बाहेर येतो आणि हळूहळू त्याची जागा सपाट पेशी घेतात. पेशींची ही अदलाबदल जिथे चालते त्या पट्ट्यात एचपीव्ही घर करतो. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि बहुतेक बायकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो. मग पेशी बिघडायला लागतात. केंद्रक मोठं आणि गडद होतं, कडा वेड्यावाकड्या होतात, खालच्या थरातली विभाजनं वरच्या थरात दिसू लागतात. हा बिघाड खालच्या एक तृतीयांश भागात असेल तर पॅथॉलॉजिस्ट पहिली श्रेणी लिहितात, दोन तृतीयांशापर्यंत गेला तर दुसरी, त्याहून वर संपूर्ण जाडी व्यापली तर तिसरी.

तिसऱ्या श्रेणीपर्यंतही तो कर्करोग नाही. या थराखाली एक अतिशय पातळ तळपडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्याच्या वर आहेत तोवर तो भाग गोठवून किंवा तारेच्या फासाने कापून काढला की प्रश्न मिटतो, पिशवीही शाबूत राहते. पडदा फोडून पेशी खाली उतरल्या की त्याला कर्करोग म्हणायचं. या प्रवासाला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. इतका वेळ देणारे कर्करोग फार थोडे आहेत.

आता तीन तपासण्या या पडद्याच्या हिशेबात पाहा. एचपीव्ही चाचणी विषाणू आहे की नाही एवढंच सांगते. पेशींबद्दल ती बोलतच नाही. ॲसेटिक ॲसिड लावल्यावर मिनिटभराने बिघडलेला भाग पांढरा दिसतो, पण साधा दाहही पांढरा दिसू शकतो. पेशी खरवडून काचेवर घेण्याची पॅप तपासणी त्यांचे चेहरे दाखवते. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरने न्यूयॉर्कमध्ये ती विकसित केली. १९२८ मध्ये त्याने पहिल्यांदा ती मांडली तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउटबरोबर त्याचं पुस्तक आलं आणि मग जग वळलं. काचेवरच्या हजारो पेशींमधून पाच-दहा वाईट पेशी शोधायच्या, म्हणजे जोंधळ्याच्या पोत्यातून किडके दाणे वेचण्याचं काम. कंटाळा आला, नजर थकली, की सुटलं. शिवाय खरवडलेल्या पेशी सुट्या असतात. त्या मूळ जागी कुठे होत्या, पडद्याच्या वर की खाली, हे काच सांगू शकत नाही.

ते सांगतो फक्त तुकडा. कोल्पोस्कोप नावाच्या भिंगातून पाहून डॉक्टर संशयाच्या जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. तो फॉर्मॅलिनमध्ये घट्ट होतो, मग त्यातलं पाणी काढून मेण भरतात आणि मेणाचाच ठोकळा करतात. मायक्रोटोम या यंत्रावर त्या ठोकळ्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, एका मिलिमीटरचे दोन-तीनशे भाग करावेत इतके पातळ. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. तुकडा ठोकळ्यात तिरका बसला तर काप तिरका येतो, मग थर जाड दिसतो आणि श्रेणी चुकते. म्हणून तुकडा उभा बसवणाऱ्या तंत्रज्ञाचा हात पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्याइतकाच महत्त्वाचा. रिपोर्टवर त्याचं नाव नसतं, ही मला नेहमी खटकणारी गोष्ट आहे.

धाराशिवच्या गावांत नमुने घेतले नर्सबाईंनी. पहिल्या टप्प्याचे आकडे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲसिडच्या तपासणीत १४ टक्के बायकांना काहीतरी आहे असं निघालं, एचपीव्हीत १०.३ टक्के, पॅपमध्ये ७ टक्के. पण खरोखर गंभीर बिघाड, म्हणजे दुसरी किंवा तिसरी श्रेणी, तिन्ही गटांत शेकडा एकच्या आसपास: अनुक्रमे ०.७, ०.९ आणि १. एचपीव्ही चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या सुमारे अकरा जणींमध्ये एकीलाच उपचाराची गरज होती. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून बाई घरी गेली असती तर त्या अकराही जणींच्या घरी आकांत झाला असता. बाकीच्या दहा जणींना ‘तुम्हाला काही नाही’ हे पुढच्या तपासणीनं सांगितलं, आणि जिथे भिंगाखाली शंका उरली तिथे तुकड्यानं.

२००९ चे आकडे आणखी बोलके आहेत. तपासणी न झालेल्या गटात ११८ कर्करोग सापडले, त्यातले ८२ दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले. एचपीव्ही गटात १२७ सापडले, म्हणजे जास्तच; पण पुढच्या टप्प्यातले फक्त ३९. मृत्यू ६४ विरुद्ध ३४. एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. पॅप गटात ५४ आणि ॲसिड गटात ५६ बायका गेल्या. हा फरक योगायोगापलीकडचा म्हणण्याइतका मोठा ठरला नाही. एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी एकीचाही आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगानं मृत्यू झाला नाही. जगातल्या इतर देशांनी वर्षानुवर्षं पॅपवर भिस्त ठेवली होती, आणि तिच्यावर मात करणारी चाचणी कोणती हे धाराशिवच्या बायकांनी दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीचीच शिफारस केली.

तेव्हा पॅथॉलॉजिस्टची नजर यंत्रापुढे हरली, असं म्हणायचं का? चाळणीच्या कामात हरली, हे खरंच आहे, आणि ते कबूल करण्यात काही कमीपणा नाही. पण वरच्या परिच्छेदातला ‘११८ कर्करोग’ हा आकडा कुठून आला? तो कोणा यंत्राने दिलेला नाही. कर्करोग कोणता, पडदा फुटलाय का, किती खोल, हे तुकड्यावरून ठरलं. ती तपासणी ढिली असती तर अभ्यासाला अर्थच उरला नसता. चाचणी संशय घेते, निदान तुकडा करतो, ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडे त्यांची सतत गल्लत होते.

पॅप आणि ॲसिडला नापास ठरवण्याआधी एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. धाराशिवमध्ये तपासणी एकदाच झाली. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनेच १९९८ पासून दीड लाखांहून अधिक बायकांवर दुसरा अभ्यास केला. तिथे साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसिडची तपासणी केली, आणि २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. कमकुवत चाचणीही पुन्हा पुन्हा केली तर उपयोगी पडते. एकदाच करायची असेल तर ती भक्कम हवी. वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पुन्हा कधी गाठाल, हा धाराशिवचा प्रश्न असल्यामुळे मला एचपीव्हीचा निकाल या जिल्ह्यासाठी जास्त मोलाचा वाटतो.

चौथ्या गटातल्या त्या ६४ मृत्यूंवरून वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतल्या दिंडिगल या तीन अभ्यासांतल्या तपासणी न झालेल्या गटांतले किमान २५४ मृत्यू मोजून दाखवले आणि विचारलं, की तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना या बायकांना ती का नाकारली? संशोधकांचं उत्तर असं, की भारतात तपासणी न होणं हीच तेव्हाची नेहमीची स्थिती होती. उत्तर खोटं नाही. पण ‘इथे असंही काही मिळत नाही’ हे कारण गरिबांच्याच वाट्याला का येतं, हा प्रश्न त्यानं मिटत नाही. जमेची बाजू एवढीच, की हे मृत्यू मोजले गेले. अभ्यासाबाहेरच्या तालुक्यांत मोजणारंही कोणी नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्येसुद्धा, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशात शंभरात दोनही नव्हत्या.

याच्या उलटं चित्र शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसलं. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं, की बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यात ऊसतोडणी करणाऱ्यांची चर्चा सर्वाधिक झाली. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जाणार. पाळी, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातलं दुखणं, सगळंच अडचणीचं. मग कुठल्यातरी दवाखान्यात सोनोग्राफी होते, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं आणि तिशीतली बाई पिशवी काढून परत येते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. कोयते धाराशिवमधूनही जातात. सीमा नकाशावर आहे, उसाच्या फडात नाही.

त्या ‘जखमे’कडे पॅथॉलॉजीच्या नजरेनं पाहिलं पाहिजे. आतला लालसर थर पिशवीच्या तोंडावर बाहेर येतो असं वर म्हटलं, तोच थर तपासताना लाल, ओलसर दिसतो. जुन्या पुस्तकांत त्याला झीज म्हणायचे, त्यावरून ‘जखम’ शब्द रूढ झाला. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे जखम नसते. निरोगी पेशी असतात, नुसत्या जागा सोडून बाहेर आलेल्या. दुसरी गंमत रिपोर्टची. काढलेल्या पिशव्या तपासल्या तर बहुतेक बाळंत झालेल्या बायकांच्या रिपोर्टवर ‘गर्भाशयमुखाचा जुनाट दाह’ असं येतंच. तो दाह वयाच्या सुरकुत्यांइतका सार्वत्रिक आहे. तो दाखवून ‘बघा, पिशवी खराबच होती’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक. पिशवी काढण्याआधी एचपीव्ही किंवा पॅप, गरज पडली तर तुकडा; रक्तस्राव असेल तर आतल्या अस्तराचा नमुना; आणि काढलीच तर ती संपूर्ण पिशवी लॅबला. हा क्रम पाळला असता तर त्यातल्या किती पिशव्या आज जागेवर असत्या, याचा हिशेब करणं अवघड नाही, फक्त त्यासाठी ठोकळे आणि रिपोर्ट हवेत. जिथे पिशवी तपासणीला गेलीच नाही तिथे काढण्याचं कारण बरोबर होतं की नाही, हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पुरावाच कचऱ्यात गेला.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांची कथा वेगळी आहे, पण तिथेही काचेवर बरंच काही ठरतं. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, आणि तरीही घराघरांत ती सर्वांत शेवटी होते. बाईच्या बाबतीत आपल्याकडे विसरता न येणारं कारण म्हणजे क्षय. फुप्फुसात काही नसतानाही क्षयाचे जंतू गर्भनलिकांत आणि अस्तरात बसतात, नळ्या बंद होतात, आणि पाळी कमी होत जाण्यापलीकडे बाईला काही जाणवतही नाही. अस्तर दर महिन्याला गळून पडतं, त्यामुळे क्षयाच्या गाठी तिथे पूर्ण तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून नमुना पाळी यायच्या आधीच्या दिवसांत घ्यायचा, तेव्हा सापडण्याची शक्यता जास्त. आणि सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. फॉर्मॅलिन जंतू मारतं, मग ते वाढवून पाहण्याची तपासणी होत नाही. अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा सलाइनमध्ये. एवढं साधं पथ्य न पाळल्यामुळे अनेक जोडप्यांचे महिनोनमहिने चुकीच्या उपचारांत जातात.

गर्भपात झाल्यावर पडलेले अवशेषही असेच टाकून दिले जातात. त्यात कधी द्राक्षगर्भ असतो. अशा वेळी बाळाऐवजी वारेच्या तंतूंचे पाण्याने भरलेले फुगे वाढलेले असतात. पूर्ण द्राक्षगर्भात सगळी गुणसूत्रं वडिलांकडचीच असतात, आई फक्त जागा पुरवते. त्यातून काही जणींना वारेचा कर्करोग होऊ शकतो. तो औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो, पण रक्तातल्या एचसीजी या संप्रेरकावर काही महिने लक्ष ठेवलं तरच वेळेत कळतो. आणि लक्ष ठेवायचं हे कळण्यासाठी ते अवशेष आधी काचेवर आलेले असावे लागतात.

म्हणून शेवटी कामाची एक गोष्ट. तपासणी झाल्यावर हातात येतो तो कागद. पण लॅबमध्ये मेणाचा ठोकळा आणि काचा राहतात, आणि ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. बार्शीला किंवा मुंबईला दाखवायला जायचं असेल, दुसरं मत घ्यायचं असेल, तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. तिथला पॅथॉलॉजिस्ट स्वतः काच पाहिल्याशिवाय उपचार ठरू देत नाही. काच अपुरी वाटली तर ठोकळ्यातून नवे काप काढतो, विशेष रंग देतो. स्लाईड आणि ब्लॉक पेशंटला मागून घेता येतात. लॅब सही घेते आणि देते. रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात जो नमुना क्रमांक असतो तो सांगितला की ठोकळा सापडतो, म्हणून तो कागद एसटीत बसण्याआधी पिशवीत आहे ना, एवढं पाहावं.